बंदूक कुठली, हे आधी विचारा

बायकांच्या हातात बंदूक द्यावी की नाही, हा वाद आपल्याकडे दर चार-दोन वर्षांनी नव्याने उभा राहतो. एखादं भयंकर प्रकरण घडतं, वर्तमानपत्रं आठ दिवस तापतात, मग कोणीतरी पुढारी व्यासपीठावरून सांगतो की पोरींना शस्त्रं द्या, परवाने द्या. सभेत टाळ्या पडतात. आपल्या चळवळीतल्या बाया त्याला विरोध करतात, आणि तो करायलाच हवा. पण या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न राहून जातो. बंदूक द्यायची म्हणजे कुठली? विळा आणि अडकित्ता दोन्ही लोखंडाचेच, दोन्हींना धार असते, म्हणून काही अडकित्त्याने ज्वारी कापता येत नाही. बंदुकांचंही तसंच आहे. कुठली बंदूक कशी घडवली आहे आणि कशासाठी, हे पाहिल्याशिवाय बाईचा आणि बंदुकीचा संबंध काय असावा हे ठरवता येणार नाही, असं माझं मत आहे.

मी खुलताबादला राहते. शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जणी गावातल्या मुलींना एकत्र बोलावतो. दर्ग्याच्या गल्लीतल्या येतात, भद्रा मारुतीच्या बाजूच्याही येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक मिळालं, तेव्हा एनसीसीत जाणाऱ्या एका मुलीने बैठकीत विचारलं, "मावशी, त्याच्या रायफलीत एकच गोळी कशी? पोलिसांच्या बंदुकीत तर कितीतरी असतात." प्रश्न फार चांगला होता. त्या एका गोळीचा माग काढत गेलं की बायकांच्या हक्कांच्या पुष्कळ गोष्टी हाताला लागतात.

आधी ती दुसरी बंदूक पाहू, जी आपल्याला द्यायला सगळे तयार असतात. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. नाव ‘निर्भीक’. वजन सुमारे ५०० ग्रॅम, बोअर ०.३२ इंच, किंमत सव्वा लाखाच्या घरात. दागिन्याच्या डबीसारख्या डबीतून ते मिळायचं. पर्समध्ये मावेल असं ते घडवलं होतं, आणि जवळून, घाईत, घाबरलेल्या हाताने चालवण्यासाठी. म्हणजे त्या शस्त्राच्या घडणीतच एक गृहीत धरलेलं होतं, की बाई घाबरलेली असणार, एकटी असणार आणि तिचा शत्रू अंधारातून अचानक येणारा अनोळखी माणूस असणार.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, लग्नाचं वचन देणारा, मालक. त्याच्यावर पर्समधून रिव्हॉल्व्हर काढायचं? आणि ज्या मथुरा प्रकरणाने या देशातल्या स्त्रीचळवळीला जागं केलं, ते १९७२ साली गडचिरोलीकडच्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत घडलं. शस्त्राचा अधिकार होता तो अत्याचार करणाऱ्यांच्याच खात्याकडे. आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बाया नवऱ्याच्या हातातल्या काठीबद्दल, कोयत्याबद्दल सांगतात. त्या घरात भरलेलं रिव्हॉल्व्हर असतं तर ते आधी कोणाच्या हाती गेलं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा भीतीसाठी घडवलेल्या या बंदुकीला माझा विरोध आहे आणि तो पक्का आहे.

आता ती एका गोळीची रायफल. नेमबाजीच्या स्पर्धेत तीन अंतरं असतात. १० मीटरवर हवेच्या दाबाने चालणारी एअर रायफल, ५० मीटरवर ०.२२ इंच कॅलिबरची लहान बोअरची रायफल आणि ३०० मीटरवर मोठ्या बोअरची रायफल, जिला नेमबाज ‘बिग बोअर’ म्हणतात. या मोठीचं कॅलिबर जास्तीत जास्त ८ मिलिमीटरपर्यंत चालतं. तिन्हींत एका वेळी एकच गोळी भरायची. एक भरा, झाडा, पुन्हा हाताने दुसरी ठेवा.

असं का? पेटी बसवली असती तर काम सोपं झालं असतं. पण पेटीसाठी रायफलीच्या पोटाला खालून मोठी खाच पाडावी लागते, आणि खाच पाडली की तिथलं पोलाद तेवढं दुबळं होतं. एकच गोळी ठेवायची असली की पोट सलग राहतं, ताठ राहतं, आणि गोळी सुटताना कमी वाकतं. शिवाय पेटीतून वर ढकलली जाताना गोळीचं टोक घासतं, त्याला ओरखडा येतो. हाताने ठेवलेली गोळी जशीच्या तशी कोरी राहते. नळी जाड आणि जड असते. प्रत्येक नळी गोळी सुटताना थरथरते, जाड नळी कमी थरथरते आणि दर वेळी सारखीच थरथरते. तिच्या आतून आटे पाडलेले असतात, त्यातून गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते, आणि भोवरा फिरतो आहे तोवर कलंडत नाही तशी तीही तोल सांभाळते. नळी पुढे कुठेच दस्त्याला टेकत नाही. तिथे कागद सरकवण्याइतकी फट मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे लाकूड ओलाव्याने फुगलं किंवा नळी तापली तरी एकाचा दाब दुसऱ्यावर येत नाही. या स्पर्धांत दुर्बीण लावायची परवानगी नाही. मागे एक बारीक छिद्र, पुढे एक कडी, आणि त्या कडीच्या बरोबर मध्ये लांबवरचा काळा गोल धरायचा.

त्या गोलातही मधलं दहा गुणांचं वर्तुळ केवढं? १० मीटरवर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, खसखशीच्या दाण्याहून लहान. ५० मीटरवर १०.४ मिलिमीटर, म्हणजे हरभऱ्याचा टपोरा दाणा. ३०० मीटरवर १० सेंटिमीटर, आमटीच्या वाटीचं तोंड. ऐकायला वाटी मोठी वाटते, पण गोळीला तिथवर पोचायला सेकंदाचा तिसरा-चौथा भाग तरी लागतो, तेवढ्या वेळात ती अर्धा-पाऊण मीटर खाली आलेली असते आणि आडवा वारा तिला बाजूला लोटत असतो. रेंजवर त्यासाठी बारीक पताका लावलेल्या असतात. नेमबाज त्या पताका वाचते, मागच्या छिद्राची चक्री एक-दोन खटके फिरवते, अर्धा श्वास सोडते, थांबते. अंगातलं सगळं ओझं हाडांवर टेकवायचं, स्नायूंवर नाही, हे पहिलं शिक्षण. त्या काही सेकंदांत नेम बसला तर चाप ओढायचा. नाही बसला, तर रायफल खाली घ्यायची आणि सगळं पहिल्यापासून.

हे खाली घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या रोजच्या दिवसात अशी एक तरी गोष्ट आहे का, की जमेना तर खाली ठेवली, श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली? एका चुलीवर दूध, दुसऱ्यावर भाजी, दारात पाणी आलेलं, पोराची वही सापडत नाही, सासऱ्यांची हाक. बाईचं कौतुकही याच गोष्टीसाठी होतं, की ती एका वेळी दहा कामं करते. दहा हातांची देवी म्हणून आपल्याला मखरात बसवतात आणि एकाही कामाला पूर्ण लक्ष देऊ देत नाहीत. एअर रायफलच्या ६० फैरींना सव्वा तास मिळतो. पूर्वी तीन स्थितींची, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून १२० फैरींची स्पर्धा असे, तिला पावणेतीन तास मिळत. पावणेतीन तास एका माणसाने एकच काम करायचं आणि कोणी हाक मारायची नाही! ही रायफल घडवणाऱ्यांच्या मनात बाई नव्हतीच, पण त्यांनी जे घडवलं त्याला चालवणाऱ्याचं सलग, अखंड लक्ष लागतं. आपल्या मुलींना नेमकं तेच कोणी देत नाही.

दुसरी गोष्ट दस्त्याची. या रायफलीचा दस्ता जागोजागी सरकतो. गाल टेकायची फळी वर-खाली होते, खांद्याला लागणारा भाग लांब-आखूड होतो, तिरका होतो, हाताची मूठ फिरते. साडेचार फुटांची मुलगी आणि सहा फुटांचा गडी एकच रायफल आपापल्या अंगाला जुळवून घेऊ शकतात. डावखुऱ्यांसाठी तर वेगळीच बनवतात. का, तर अंगाला ताण पडला की नेम चुकतो, हे बनवणाऱ्याला माहीत आहे. आता एसटीची पहिली पायरी आठवा, नऊवारी-साडी नेसलेल्या बाईला गुडघा छातीशी आणल्याशिवाय चढता येत नाही. पोलीस शिपाई बाईंना पुरुषाच्या मापाची जाकिटं घालून बंदोबस्ताला उभं करतात. कारखान्यातल्या यंत्राचा दांडा, शेतातला फवारणीचा पंप, सगळं पुरुषाच्या खांद्याचं माप घेऊन केलेलं. ते अंगाला लागलं, पाठ गेली, की म्हणायचं बायकांना हे काम झेपत नाही. हत्यार माणसाच्या अंगाप्रमाणे बदलता येतं, फक्त नेम महत्त्वाचा वाटला पाहिजे, हे या रायफलीने सिद्धच करून ठेवलं आहे.

मग इतकं सगळं अनुकूल असताना बायकांना वाट सरळ मिळाली असेल, असं वाटतं ना? नियमांचा इतिहास वाचा. ऑलिंपिकच्या नेमबाजीत बायकांना १९६८ साली पहिल्यांदा उतरता आलं, तेही पुरुषांबरोबर एकाच स्पर्धेत. १९७६ साली माँट्रियलला अमेरिकेच्या मार्गारेट मर्डोक यांनी लहान बोअरच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत त्यांच्याच देशाच्या लॅनी बॅशम यांच्याइतकेच ११६२ गुण मिळवले. बरोबरी झाल्यावर शेवटच्या फैरींचे गुण पाहून सुवर्ण बॅशम यांना दिलं गेलं. राष्ट्रगीत वाजताना त्यांनी मर्डोक यांना हाताला धरून वरच्या पायरीवर आपल्या शेजारी उभं केलं. त्या माणसाला नियमापेक्षा न्याय कळला होता. पुढे १९८४ पासून बायकांच्या रायफलच्या स्पर्धा वेगळ्या झाल्या, आणि वेगळ्या झाल्या त्या छोट्या होऊन. पुरुषांना तीन स्थितींत १२० फैरी, बायकांना ६०. एअर रायफलमध्ये पुरुषांना ६०, बायकांना ४०. बायकांच्या रायफलीचं वजनही कमी असलं पाहिजे, असा नियम अनेक वर्षं होता. १९९२ साली बार्सिलोनात चीनच्या झांग शान यांनी उडत्या चकत्या फोडण्याच्या स्कीट स्पर्धेत पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. पुढच्या, १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी होती. बायकांची वेगळी स्कीट आली ती २००० साली. कारणं कोणी काहीही सांगो, तारखा पुरेशा बोलक्या आहेत. फैरींची संख्या सारखी व्हायला २०१८ साल उजाडलं.

पळण्यात, वजन उचलण्यात शरीराच्या ताकदीचा प्रश्न येतो, असं म्हणतात. इथे तर पालथं झोपून, श्वास रोखून एक चाप ओढायचा आहे. कागदाला पडलेल्या भोकाकडे पाहून ते बाईने पाडलं की पुरुषाने, हे जगातला कोणीही पंच सांगू शकणार नाही. तरीही बाईला निम्म्या फैरी. ताकदीचं कारण नसतं तिथेही बाईचं ताट लहानच वाढलं जातं, याहून स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

याची किंमत आपल्या महाराष्ट्रातल्या मुलींनी मोजली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरण्याच्या स्पर्धेत, ६०० पैकी ५९७ गुण मिळवून तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि त्या जगज्जेत्या झाल्या. रायफलमध्ये असं यश मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पण बायकांची प्रोन स्पर्धा ऑलिंपिकमध्ये कधी नव्हतीच. पुरुषांची होती, २०१६ पर्यंत. जगज्जेती घरी आणि तिच्याच प्रकारातले पुरुष ऑलिंपिकला! तेजस्विनींना ऑलिंपिकची पायरी चढायला २०२१ साल लागलं, टोकियोत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, दुसऱ्या प्रकारात. मुंबईच्या अंजली वेदपाठक, लग्नानंतरच्या भागवत, कीर्ती कॉलेजात एनसीसीमुळे रायफलकडे आल्या. १९८८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पदक, २००० साली सिडनीत ऑलिंपिकची अंतिम फेरी, २००२ साली म्युनिकला पुरुष आणि बायका एकत्र उतरलेल्या लढतीत विजेतेपद. आणि स्वप्निल कुसाळेच्या पदकाच्या बातम्यांत कोपऱ्यात जे नाव होतं, त्या दीपाली देशपांडे. त्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळल्या, आणि स्वप्निलच्या प्रशिक्षक त्याच. बाई शिकवते आणि मुलगा शिकतो, हे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकात कधी येणार?

इथे काही मैत्रिणी मला अडवतील. म्हणतील, शेवटी बंदूक ती बंदूकच. आज कागद, उद्या माणूस. आक्षेप खोटा नाही, म्हणून त्याला बगल देणार नाही. ही रायफल युद्धाच्याच घरात जन्माला आली. युरोपात नेमबाजीच्या संघटना निघाल्या त्या सैन्याला चांगले नेम धरणारे मिळावेत म्हणून. आणि याच घराण्यात एक थोरली आहे. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटर कॅलिबरची. तिचं काडतूस पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मशीनगनसाठी तयार झालं. पुढे त्याच काडतुसाच्या खांद्यावरून झाडायच्या रायफली निघाल्या, त्यातल्या काही एकाच गोळीच्या. दहा किलोच्या वर वजन, पुढे दोन पाय, धक्का कमी करायला नळीच्या तोंडाशी फटी पाडलेला तुकडा. दीड-दोन किलोमीटरवरून वाहनाचं इंजिन, रडार, न फुटलेला बॉम्ब निकामी करणं, हे तिचं सांगितलेलं काम. सैन्याच्या भाषेत वस्तूंविरुद्धची रायफल. पण युद्धात तिने माणसंही मारली आहेत. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यात ‘विध्वंसक’ नावाने अशी रायफल बनते, ती सुरक्षा दलांसाठी. सामान्य माणसाला ती मिळत नाही, आणि मिळूही नये. अमेरिकेत ती दुकानात मिळते. कॅलिफोर्निया राज्याने मात्र २००४ साली कायदा करून या कॅलिबरची विक्री बंद केली. म्हणजे एका गोळीची तीच युक्ती, पण एकीचा हेतू वाटीएवढ्या वर्तुळात कागद फोडणं, दुसरीचा हेतू लांबून नाश करणं. हेतू घडणीत असतोच, पण तो ठरवतात माणसं, नियम आणि कायदे. ते ठरवणाऱ्यांत बाई हवी, हे माझं म्हणणं.

बाईच्या हाती नेम असणं ही काही आजची नवलाई नाही. आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा तोफ आहे, औरंगजेबाचं नाव कोरलेली, एका वेळी एकच गोळा टाकणारी. सहलीला आलेली पोरं तिच्यावर बसून फोटो काढतात आणि वाटाड्या राजांची नावं सांगतो. त्या औरंगजेबाच्या आजोबांनी, जहांगीर बादशहाने, आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की १६१७ साली नूरजहाँने हत्तीवरच्या अंबारीतून सहा फैरींत चार वाघ मारले. तोड्याची बंदूक, एका फैरीनंतर पुन्हा दारू-गोळी ठासायची. शिकारीचं कौतुक मला करायचं नाही, पण नेम कोणाचा होता तो नोंदवलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने बायकांसाठी स्नायपरची स्वतंत्र शाळा काढली. त्यांची नावाजलेली स्नायपर ल्युडमिला पावलिचेन्को १९४२ साली अमेरिकेत गेली, तर तिथल्या वार्ताहरांनी तिला विचारलं की रणांगणावर तुम्ही पावडर-लाली लावता का, आणि तुमच्या गणवेशाचा स्कर्ट इतका लांब का! आपल्याकडेही २०२४ साली सीमा सुरक्षा दलात पहिली महिला स्नायपर इंदूरच्या केंद्रातून तयार झाली. सैन्यात बाई गेली म्हणजे युद्ध चांगलं होत नाही. मला युद्ध नको आहे. पण ‘बाईला जमत नाही’ हे कारण पुढे करून कोणी तिला दाराबाहेर ठेवत असेल, तर ते कारण चारशे वर्षांपूर्वीच मोडीत निघालं आहे.

तेव्हा माझी मागणी अशी. बंदूक घरात नको, रेंजवर हवी. तिथल्या कुलुपातल्या कपाटात, नोंदवहीत सही करून घ्यायची आणि सही करून परत ठेवायची. नवऱ्याच्या, भावाच्या, दीराच्या हाताला ती लागणार नाही. एअर रायफलला, ०.१७७ इंच कॅलिबरच्या आणि ठरलेल्या शक्तीच्या आतल्या, परवाना लागत नाही. तिच्या सरावाला दहा मीटरच्या वर थोडी जागा आणि भक्कम भिंत लागते. प्रत्येक तालुक्याच्या गावी अशी एखादी बंद खोली, एखादं गोदाम सापडेल. ५० मीटरची चांगली रेंज म्हटलं की आम्हाला पुण्याची बालेवाडी दिसते, खुलताबादहून अडीचशे किलोमीटरच्या वर. परदेशी बनावटीची रायफल काही लाखांची, गोळ्यांचा खर्च वेगळा, जाड कातडी-कॅनव्हासचं जाकीट वेगळं. शेतमजुराची मुलगी हे कुठून आणणार? म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी मालकीच्या, सरकत्या दस्त्याच्या रायफली हव्यात, मुलींसाठी राखून ठेवलेल्या वेळेत. मोठ्या बोअरचा सराव बंदिस्त खोलीत होत नाही. त्याला मागे मातीचा उंच बंधारा आणि माणसांची वर्दळ नसलेली मोकळी जमीन लागते. अशी मैदानं पोलीस आणि सैन्याकडे आहेत. जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली महिन्यातून ठरावीक दिवस ती मोठ्या मुलींना खुली करता येतील. शाळा-कॉलेजांत एनसीसीच्या मुलींच्या जागा वाढवा. प्रशिक्षक बाया नेमा. आणि रेंजपाशी संडास आणि संध्याकाळी परतीची एसटी, या दोन गोष्टी विसरू नका. आपल्या मुली खेळातून गळतात त्या बहुधा या दोन कारणांनी.

कोणी म्हणेल, पाणी नाही, मजुरी नाही, आणि तुम्ही रायफली मागता? पाणी आणि मजुरी तर मागतोच आहोत, ती मागणी एक दिवसही सोडलेली नाही. पण गरिबाच्या मुलीने फक्त पोटापुरतं मागावं आणि एकाग्रतेचा, खेळाचा, जिंकण्याचा हक्क शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांना ठेवावा, हे मला मान्य नाही.

आमच्या बैठकीत ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिच्या आईचं म्हणणं होतं, "पोरीला हे शिकवून काय करायचं, चोर का मारायचेत?" नाही ताई, चोर मारायचे नाहीत. पोरीला सव्वा तास कोणी हाक मारू नये, एवढंच आधी करायचं आहे. तेवढं तुमच्या-माझ्या घरात उद्यापासून होईल. रेंज मागायला मग आपण तहसीलदारांकडे एकत्र जाऊ. तुमच्या तालुक्यात काय स्थिती आहे, कुठे जागा आहे, कोणत्या मुली तयार आहेत, ते आम्हाला लिहून कळवा.